मुद्राचित्रे पाहायला का जावे?

आपल्या वस्तीतील कोणत्याही घरात जा. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचे चित्र असते, शेजारी तथागताचे असते, आणि आता बहुतेक ठिकाणी जोतीराव व सावित्रीबाईही असतात. ही चित्रे हाताने रंगवलेली नसतात, छापलेली असतात. दलित समाजाचा चित्रकलेशी जो काही संबंध आला तो मुख्यतः अशा छापील चित्रांतून आला. कलादालनातले तैलचित्र आपल्या घरात कधी आले नाही, येण्याची शक्यताही नव्हती. असे असताना हे छापील चित्र कसे तयार होते, ते कोण करतो, त्यात हात कोणाचा आणि मन कोणाचे असते, याची चौकशी आपण फारशी केली नाही. कवितेची चौकशी केली, आत्मकथनांची केली, समीक्षेच्या कसोट्यांवरून तर कडाक्याची भांडणे झाली. चित्राच्या बाबतीत मात्र बाजारात जे मिळाले ते भिंतीला लावले आणि त्यापुढे मेणबत्ती पेटवली.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवतो. चित्रकलेचे शिक्षण मला नाही. तरीही गेली काही वर्षे विद्यार्थी आणि दोन-चार कार्यकर्ते यांना सोबत घेऊन मी मुद्राचित्रांची प्रदर्शने पाहायला जातो, आणि शक्य असेल तेथे ती चित्रे जेथे घडतात त्या कार्यशाळाही पाहतो. मराठीच्या मास्तराला हा कसला नाद, असे सहकारी विचारतात. त्यांना तोंडी उत्तर देऊन मी दमलो, म्हणून हे लिहीत आहे.

आमच्या आजीच्या घरात धर्मांतरापूर्वी लक्ष्मीचे एक चित्र होते. १९५६ च्या ऑक्टोबरात गावातले लोक नागपूरहून दीक्षा घेऊन परतले आणि घरोघरचे देव निघाले. कोणी नदीत सोडले, कोणी विहिरीत. लक्ष्मी कागदाची होती, ती चुलीत गेली. आजी सांगत असे की भिंतीवर त्या जागी एक चौकोन बरेच दिवस उजळ दिसत राहिला. बाकीची भिंत धुराने काळी आणि तेवढाच तुकडा पांढरा. त्या चौकोनावर पुढे खामगावच्या बाजारातून आणलेले बाबासाहेबांचे चित्र लागले. धर्मांतर म्हणजे काय हे मला पुस्तकातून पुष्कळ नंतर कळले. पहिल्यांदा कळले ते या चौकोनाच्या गोष्टीवरून.

ती लक्ष्मी बहुधा राजा रविवर्म्याच्या चित्राची कुठल्या तरी छापखान्याने काढलेली नक्कल असावी. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात शिळाछाप चित्रांचा छापखाना काढला. यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आले. काही वर्षांतच तो छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला, पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला, आणि १९७२ मध्ये आगीत त्याचा शेवट झाला. मळवली स्टेशनावर उतरून एका बाजूला भाजे आणि दुसऱ्या बाजूला कार्ले अशी बौद्ध लेणी आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंसाठी दगड कोरला गेला त्या डोंगरांच्या पायथ्याशी, विसाव्या शतकात दगडावरून लक्ष्मी आणि सरस्वती छापल्या जात होत्या. भाजे-कार्ल्याला आपल्या सहली नेहमी जातात. हे दुसरे दगड मात्र कोणी दाखवत नाही.

शिळाछाप म्हणजे काय हे येथे सांगितले पाहिजे, कारण त्यात एक साधे पण विलक्षण तत्त्व आहे. बव्हेरियातील आलॉइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस ते शोधले. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, त्यावर रसायनाचा हात फिरवून ते दगडात मुरवायचे, मग दगड पाण्याने ओला करायचा. जेथे खडू लागला आहे तेथे पाणी ठरत नाही. बाकी सगळीकडे ठरते. आता तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्रावर बसते, कारण तेल तेलाला धरते आणि पाणी तेलाला हाकलते. कागद ठेवून दाब दिला की चित्र कागदावर. रंगीत चित्र हवे असेल तर प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड. एका लक्ष्मीमागे असे कितीतरी दगड असत, आणि ते उचलणारे, घासणारे, ओले करणारे हात चित्रावर सही करणाऱ्याचे नसत.

रविवर्म्याबद्दल असे म्हटले जाते की ज्यांना देवळात प्रवेश नव्हता त्यांच्या घरी त्याने देव पोचवला. हे अर्धे खरे आहे. १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात आपली माणसे सत्याग्रहाला उभी राहिली, वर्षानुवर्षे उभी राहिली, आणि दार उघडले नाही. त्याच काळात तोच राम कागदावर छापून महारवाड्यातही विकला जात होता. कागदाला विटाळ नव्हता, कारण त्यात पैसा होता. पण देव घरात आला तो एकटा आला नाही. गोरी कांती, भरजरी लुगडे, अंगभर दागिने, नाजूक हात, असे सौंदर्याचे एक मापही त्याच्याबरोबर आले, आणि ज्यांच्या घरातली एकही बाई तशी दिसत नव्हती त्या घरांनी ते मान्य केले. देव गेले तरी हे माप गेले का, हा प्रश्न मी विद्यार्थ्यांना विचारतो. आज स्टॉलवर मिळणारी रमाईची चित्रे पाहा आणि त्यातला रंग पाहा.

छापील चित्राची ताकद एवढी असेल, तर ते करणाऱ्याच्या हातात काय आहे हे पाहायला गेले पाहिजे, असे मला वाटू लागले ते माझ्या वडिलांमुळे. माझे वडील चौथी शिकलेले. तरुणपणी ते खामगावात एका लहान छापखान्यात ट्रेडल चालवायला लागले आणि पुढे जुळारी झाले. खिळे उलटे असतात. छापल्यावर अक्षर सुलटे उमटते. बाबांना उलटी ओळ सुलट्या ओळीपेक्षा लवकर वाचता येई. मी पदवीधर झालो तेव्हा घरात पदवीचा कागद वाचू शकणारे तेच होते. छापखान्यात बाबासाहेबांचा एक जस्ताचा ब्लॉक होता. चौदा एप्रिल जवळ आला की तो या छापखान्यातून त्या छापखान्यात उसना फिरे. झिजून झिजून चष्म्याची एक काडी गेली होती. आमच्या भागातल्या कितीतरी पत्रकांवर बाबासाहेब एका काडीच्या चष्म्याने उभे आहेत, आणि कोणालाही ते खटकले नाही.

हा जस्ताचा ब्लॉक आणि कलादालनातले मुद्राचित्र यांची जात एकच आहे. (जात हा शब्द येथे जाणूनबुजून वापरतो, कारण एकाला कारागिरी आणि दुसऱ्याला कला म्हणण्यात जातच आहे.) मुद्राचित्राचे प्रकार समजून घेणे अवघड नाही. लाकूड, लिनोलियम किंवा रबर कोरायचे. जे कोरून काढले ते कागदावर पांढरे राहते आणि जे उभे राहिले त्यावर शाई बसते. खिळ्याचेही तेच. याच्या उलट एचिंग. त्यात तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर मेणासारखा थर देतात, सुईने तो थर खरवडून चित्र काढतात आणि पत्रा तेजाबात बुडवतात. जेथे धातू उघडा पडला तेथे तेजाब तो खाते. जितका वेळ ठेवाल तितके खोल खाते. मग त्या खाचांत शाई भरायची, वरची पुसून टाकायची, ओलसर कागद ठेवून जड रुळांखालून काढायचा. कागद खाचेत शिरून शाई उचलतो. शिळाछाप वर सांगितलीच. चौथी पडद्याची छपाई, ती तर लग्नपत्रिका आणि टी-शर्टमुळे आपल्या पोरांना ठाऊकच आहे. या चारही प्रकारांत एक गोष्ट समान आहे: चित्र एकच नसते, त्याच्या अनेक प्रती असतात आणि प्रत्येक प्रत मूळ असते.

आता प्रदर्शनाकडे वळू. मुंबईच्या एका प्रदर्शनात आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा दारावरच्या माणसाने मला सोडून विद्यार्थ्यांनाच विचारले, "कोणाकडे काम आहे?" पोरे गडबडली. एकजण म्हणाला, "कोणाकडे नाही." तो माणूस दुष्ट नव्हता, चपला घातलेली, खांद्याला पिशव्या असलेली पाच-सहा पोरे चित्र पाहायला येतात हे त्याच्या अनुभवात बसत नव्हते. त्याचाही बाप आमच्यासारखाच असणार. कलादालनात प्रवेश फुकट असतो. मुंबईचे जहांगीर कलादालन १९५२ पासून आहे आणि तेथे तिकीट नाही. पण फुकट आणि उघडे यांत अंतर आहे. हे अंतर एकदा जाऊन कापले जात नाही. दुसऱ्या वेळी पोरे सरळ आत गेली.

त्या प्रदर्शनात चित्तप्रसादांची लिनोछापे होती. हा बंगालचा चित्रकार, जन्म १९१५ चा. १९४३ च्या दुष्काळात तो मेदिनीपुरातून पायी फिरला, मेलेल्या आणि मरणाऱ्या माणसांची रेखाटने केली, आणि त्याचे पुस्तक निघाले तेव्हा इंग्रज सरकारने त्याच्या पाच हजार प्रती जप्त करून जाळल्या. पुढे तो मुंबईत येऊन अंधेरीला राहिला. १९७८ मध्ये तो वारला. मुंबईत त्याने राबणाऱ्या मुलांवर लिनोछापांची एक मालिका केली. ती चित्रे मी आधी पुस्तकात पाहिली होती आणि मला ती समजली आहेत असा माझा समज होता. समोर पाहिल्यावर कळले की काळा रंग सपाट नव्हता. त्यात कोरणीचे ओरखडे होते, कोठे हात घसरला होता, कोठे दाब कमी पडला होता. छपाईच्या मोठ्या यंत्रावाचून, हाताने घासून हे काम होऊ शकते हे त्या काळ्यावरून दिसत होते. पुस्तकातल्या चित्राने मुलांची दया येते. समोरच्या चित्राने, हे मला करता येईल का, असा प्रश्न पडतो. प्रदर्शनाला का जायचे याचे माझ्यापुरते उत्तर हे आहे.

प्रत्येक चित्राखाली पेन्सिलीने आकडे होते: ३/२०, ७/२५. वीस प्रतींतली तिसरी, पंचवीसांतली सातवी. एका विद्यार्थिनीने विचारले, "वीसच का? ब्लॉक तर हजार छापेल." तिला सांगितले गेले की ठरलेल्या प्रती काढल्यावर पत्र्यावर आडवी रेघ मारून तो निकामी करतात, म्हणजे प्रतींची किंमत टिकते. ती गप्प बसली, पण मला ते उत्तर आजही पटलेले नाही. एचिंगचा पत्रा खरोखर झिजतो हे मान्य. पण लाकूड आणि लिनो पुष्कळ प्रती देतात. जी कला स्वभावतःच अनेकांची आहे तिला मुद्दाम थोड्यांची करणे हा बाजाराचा नियम आहे, कलेचा नाही. कलावंताला पोट आहे, त्याला दोष देत नाही. आपण मात्र तेथून तंत्र उचलावे आणि तो आडव्या रेघेचा नियम तेथेच ठेवून यावा.

ही उचल कशी करावी याचे मला सर्वांत शिकवणारे उदाहरण चीनमधले वाटते, आणि ते एका लेखकाचे आहे, चित्रकाराचे नाही. लू शुन याने १९३१ च्या ऑगस्टमध्ये शांघायला सहा दिवसांचा लाकूडछापाचा वर्ग भरवला. शिकवणारा उचियामा काकिची हा जपानी, एका पुस्तकविक्रेत्याचा भाऊ. शिकणारी तेरा तरुण मुले. आणि दुभाष्या स्वतः लू शुन. त्याच वर्षी त्याच्या ओळखीतल्या तरुण लेखकांना सरकारने गोळ्या घातल्या होत्या. उघड लिहिणे शक्य नव्हते, तेव्हा त्याने केथे कोलवित्झ या जर्मन बाईचे एक लाकूडछाप नियतकालिकात छापले: आपले मूल पुढे धरलेली आई. ज्यांना कळायचे त्यांना कळले. १९३६ मध्ये मरणापूर्वी त्याने तिच्या चित्रांचा संग्रहही काढला. त्या सहा दिवसांतून चीनच्या नव्या लाकूडछापाची चळवळ उभी राहिली, असे चीनमध्येच मानले जाते. पोस्टर, पत्रक, भिंतपत्र यांतून ती पुढे युद्धाच्या काळात खेड्यांपर्यंत गेली.

कोलवित्झविषयी दोन वाक्ये. तिचा नवरा बर्लिनच्या कामगारवस्तीत डॉक्टर होता आणि दवाखान्यात येणाऱ्या बाया हीच तिची माणसे. सायलेसियातल्या विणकरांच्या १८४४ च्या उठावावर तिने केलेल्या सहा चित्रांना १८९८ मध्ये पदकाची शिफारस झाली आणि बादशहाने ती नाकारली. विदर्भातला महार समाज पिढ्यान्‌पिढ्या जाडेभरडे कापड विणत असे. आमच्या वर्गात मी ही विणकरांची चित्रे दाखवली तेव्हा एका मुलाने घरी जाऊन आजोबांना विचारले की आपला माग कुठे गेला. उत्तर मिळाले नाही; पण प्रश्न त्या घरात पहिल्यांदा विचारला गेला.

आपल्याकडे १९७२ मध्ये दलित पँथर स्थापन झाली. नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. त्यांच्या भाषणांची भाषांतरे आपण वाचली, त्यांच्या कवींची नावे आपल्या लेखांत आली. पण त्यांच्या पत्रावर दर अंकात चित्र काढणारा एमरी डग्लस मात्र आपल्याकडे आला नाही. हा माणूस छपाई शिकला तो पोरवयात सुधारगृहाच्या छापखान्यात. १९६७ पासून त्याने त्या पत्राचे रूप घडवले. जाड रेषा, दोन-एक रंग, पानभर चित्र, आणि तीच पाने वस्तीतल्या भिंतींवर चिकटवली जात. ज्याला वाचता येत नाही त्यालाही चळवळ काय म्हणते ते कळावे, हा त्यामागचा हेतू. आपल्या नियतकालिकांनी मुखपृष्ठांवर रेखाटने छापली, सायक्लोस्टाईलच्या स्टेन्सिलवर पोरांनी चित्रे ओरखडली, हे मी विसरत नाही. पण शब्दाशी जी झुंज दिली तशी चित्राशी दिली नाही. आपले साहित्यिक वाचक शोधत शहरात गेले. वस्तीतल्या भिंतीवर मात्र कॅलेंडरवाल्याचे राज्य राहिले, आणि आता फ्लेक्सवाल्याचे आहे.

याला अपवाद आहे आणि तो विदर्भातलाच आहे. सवी सावरकर. आडनावावरून गैरसमज नको. हे नागपूरचे, १९६१ चा जन्म, आंबेडकरी. नागपूरला शिकून ते बडोद्याला सयाजीराव विद्यापीठात मुद्राचित्रण शिकले आणि पुढे दिल्लीच्या कला महाविद्यालयात त्यांनी शिकवले. त्यांच्या एचिंगमध्ये पेशवाईतला अस्पृश्य येतो, गळ्यात मडके आणि मागे झाडू, देवदासी येते, शेंडी-जानव्याची सत्ता येते. गळ्यातले मडके आपण भाषणात इतक्या वेळा ऐकले आहे की ते आता ऐकूच येत नाही. त्या चित्रांत त्याचे वजन पुन्हा जाणवते, कारण माणसाची मान आणि मडके एकाच काळ्या, खरबरीत रेषेने बांधलेले असतात. ही रेषा पेनाची नाही; धातूला तेजाबाने खाल्ले म्हणून ती तशी आहे. विषयाला साजेसे तंत्र निवडणे म्हणजे काय, हे वर्गात समजावताना माझा तास जातो, तेथे चित्रापुढे दोन मिनिटे पुरतात.

प्रदर्शनापेक्षाही कार्यशाळा पाहणे अधिक मोलाचे. आम्हाला सोयीची ती भोपाळची. बुलढाण्याला रेल्वे नाही. मलकापूरला जायचे, भुसावळला गाडी बदलायची, खंडवा-इटारसी करत भोपाळ. मोठ्या तलावाच्या काठी १९८२ मध्ये भारत भवन उभे राहिले, तेथे चित्रदालनांबरोबर मुद्राचित्रांची कार्यशाळाही आहे. पहिल्या खेपेला आम्ही सोमवारी पोचलो आणि सोमवार हा बंद असण्याचा वार. रात्र धर्मशाळेत काढली. तेव्हापासून आधी पत्र लिहून, वार विचारून निघतो.

तेथे जाताना जनगढसिंह श्याम यांची गोष्ट मी गाडीतच सांगून ठेवतो. पाटनगढ गावचा परधान गोंड मुलगा. जगदीश स्वामीनाथन यांच्या माणसांनी त्याची भिंतीवरची चित्रे पाहिली, त्याला भोपाळला आणले, आणि तो भारत भवनाच्या मुद्राचित्र विभागात कामाला लागला. ज्याच्या जमातीने पिढ्यान्‌पिढ्या गोंडांच्या दारी गाणी म्हटली, त्याने ते देव आणि प्राणी कागदावर उतरवले, आणि आज ज्याला गोंड चित्रकला म्हणतात ती मोठ्या प्रमाणात त्याच्यापासून सुरू होते. पुढे त्याचे नाव परदेशात गेले. २००१ मध्ये जपानमध्ये एका संग्रहालयासाठी काम करत असताना त्याने आत्महत्या केली. मोठ्या संस्थेत शिरलेला आपला माणूस तेथे एकटा पडतो, हेही विद्यार्थ्यांना ठाऊक असावे. प्रेरणा घ्यायची तर पूर्ण गोष्टीतून घ्यावी.

कार्यशाळेत गेल्यावर पहिली गोष्ट नाकाला कळते. शाई, रॉकेल, तेजाब. माझ्यासाठी तो बाबांच्या सदऱ्याचा वास होता. भिंतीशी मोठे चाक असलेले दाबयंत्र, त्यावर लोकरीच्या जाड घोंगड्या, दोरीवर वाळत घातलेले कागद, आणि हात काळे झालेली माणसे. विद्यार्थ्यांच्या मनात चित्रकार म्हणजे दाढी आणि लहर असे काहीतरी असते. येथे माणूस कमरेत वाकून पत्रा पुसत होता, पुन्हा पुसत होता, तळहाताने पुसत होता. आमच्यात एक मुलगा होता. त्याचे वडील बसस्टँडजवळ चपला शिवायला बसतात आणि ही गोष्ट तो महाविद्यालयात कोणाला सांगत नसे. तिथल्या एका कलावंताने त्याच्या हातात लाकूड कोरायची कोरणी दिली. त्याने ती धरली, अंगठा पात्यामागे टेकवला आणि एक लांब, एकसारखी साल काढली. कलावंताने विचारले, "आधी कुठे शिकलास?" तो म्हणाला, "घरी रापी चालवतो." हे तो सगळ्यांसमोर म्हणाला. परतीच्या गाडीत त्याच्यावर कोणी काही बोलले नाही. बोलण्यासारखे काही राहिलेच नव्हते.

दुसरी गोष्ट कच्च्या ठशांची. कार्यशाळेत गेल्यावर पूर्ण झालेले चित्र कोणीही दाखवतो. फसलेले दाखवा अशी विनंती करावी. त्या दिवशी एका बाईंनी एकाच पत्र्याचे पाच ठसे ओळीने मांडले. पहिल्यात बाईचा चेहरा स्पष्ट होता. दुसऱ्यात मागे अंधार आला. तिसऱ्यात अंधार इतका झाला की चेहराच बुडाला. तेजाबात पत्रा जास्त वेळ राहिला होता. चौथ्यात त्यांनी धातू घासून उजेड परत काढला. पाचव्यात चेहरा अर्धाच होता, पण पहिल्यापेक्षा खरा होता. आपल्याकडे असा एक समज आहे की अनुभव अस्सल असला की लेखन आपोआप अस्सल होते, आणि त्यावर हात फिरवणे म्हणजे ब्राह्मणी कलावाद. या समजाने आपल्या कितीतरी चांगल्या पोरांचा पहिला कच्चा ठसाच पुस्तक म्हणून बाहेर पडला. अनुभव दुसऱ्या कोणाचा नव्हता, दुःख खोटे नव्हते. पत्रा मात्र पुन्हा तेजाबात घालायला हवा होता. हे मी समीक्षेच्या भाषेत सांगतो तेव्हा मुले माझ्याकडे संशयाने पाहतात. त्या टेबलापाशी कोणालाच समजावावे लागले नाही. त्या वर्षी दोघींनी आपल्या कविता परत मागून नेल्या आणि तिसऱ्यांदा लिहून आणल्या.

परत आल्यावर काय केले हे सांगितले नाही तर हे सगळे प्रवासवर्णन ठरेल. लिनोलियम आमच्या भागात मिळाले नाही. चपला शिवणाऱ्याच्या त्या मुलानेच तोड काढली: तळाला लावतात ते रबर. त्याचे पत्रे खामगावच्या बाजारात मिळतात. रापी घरची, शाई ऑफसेटच्या छापखान्यातून डबीभर मागून आणलेली, आणि दाबयंत्राच्या जागी स्टीलचा डाव, त्याच्या पाठीने कागद घासायचा. चौदा एप्रिलसाठी सावित्रीबाईंचे एक चित्र आणि खाली "जयभीम" कोरायचे ठरले. चार दिवस आमच्या ओसरीवर काम चालले. चेहरा बरा जमला. गोरा नव्हता, नाजूक नव्हता. आमच्या गल्लीतल्या एखाद्या बाईसारखा होता आणि तसाच हवा होता.

पहिला कागद उचलला तेव्हा खालची अक्षरे उलटी आली होती. कोरताना सुलटी कोरली होती ना! आम्ही सगळे शिकलेले. कोणाच्याच ध्यानात आले नाही. खाटेवर बसलेले बाबा एवढा वेळ पाहत होते. मी म्हटले, "बाबा, तुम्हाला दिसलं होतं ना? सांगितलं काहून नाही?"

"चार दिवस पाहून राह्यलो मी," ते म्हणाले, "म्हटलं, येवढे मोठे प्रोफेसर, मास्तर, पोरं. काही इचार असंन यायचा."

मग ते उठले, चष्मा लावला, उरलेल्या रबराचा तुकडा मांडीवर घेतला आणि पेन्सिलीने उलटा "ज" काढून दाखवला. हात थरथरत होता, पण अक्षर थरथरले नाही. ती पट्टी त्यांनीच पूर्ण लिहिली आणि मुलाने कोरली. दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत आम्ही दीडशे प्रती काढल्या. एकीवरही आकडा घातला नाही.